दोनशे छप्पन्न म्हणजे उत्तम

हे तुम्हांला पटणार नाही. पटूही नये, पटलं तर उद्यापासून बिस्किटं खायची सोडाल.

माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, बिस्किटांच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. भट्टीवर जुना, पॅकिंगवर नवा. दोघांच्या सिस्टिम वेगळ्या, त्यामुळे अक्कलही वेगळी. प्रोग्राम संपला की जाताना एक आकडा ठेवून जातो, काम झालं की फसलं ते सांगणारा. जुन्याच्या लेखी विषम आकडा म्हणजे फत्ते, सम म्हणजे बोंब. नव्याला फक्त शून्य गोड. बाकी सगळी बोंबच. भट्टी बिचारी खुशीत 'एक' म्हणायची आणि पॅकिंगवाला खुसखुशीत माल कचऱ्यात लोटायचा. मालक हुशार. घेताना दोन्ही यंत्रं तपासून घेतली होती. वेगवेगळी.

"उद्यापर्यंत यांचं एकमेकांशी जमलं नाही तर तू घरी बस," मालक मेहुण्याला म्हणाले.

तो रडवेला होऊन माझ्याकडे आला. "भाऊजी, माझी नोकरी आता तुमच्या हातात."

चहा निवायच्या आत मी दुभाषा प्रोग्राम लिहून दिला. विषम आला तर शून्य सांग, सम आला तर आहे तसा पुढे ढकल.

"एकदा तपासून बघू या का?"

"मी लिहिलेलं?" मी विचारलं. तो ओशाळला.

दुसऱ्या दिवशी भट्टी भडकली. प्रोग्राम आकडा ठेवून गेला, दोनशे छप्पन्न. दुभाष्याने तो इमानाने पुढे दिला. पण नव्याची मजल दोनशे पंचावन्नपर्यंत. पुढे स्कूटरच्या मीटरसारखा परत शून्य. शून्य म्हणजे उत्तम. कोळसा झालेली बिस्किटं चकचकीत कागदात बसून ट्रकमधून निघाली.

मला घरबसल्या वास आला. सायकलवर टांग टाकली, दोन डोंगर ओलांडले, ट्रक गाठला. बघतो तर गिऱ्हाईक खोक्यावर बसून मिटक्या मारतंय. म्हणालं, "यापुढे हीच काळी पाठवा." मालकांनी मेहुण्याला उभ्या उभ्या मॅनेजर केलं आणि माझ्या...

"अहो," ही कप गोळा करता करता म्हणाली, "तुमचे मॅनेजरसाहेब त्या दिवसापासून आपल्या माळ्यावर झोपतायत. खाली बोलावू, की इथूनच विचारू?"