जिना की कुत्रा

दरवर्षी मतांच्या चिठ्ठ्या मोजून झाल्या की टिन अंब्रेलाचा एक अल्बम जगातून कमी व्हायचा, आणि भरतेशची खोली एक हातानं आखूड व्हायची. सात अल्बम होते तेव्हा खोली सात हात लांब होती. आता दोन उरले होते. खाट केव्हाच बाहेर काढली होती. त्या रविवारी सकाळी अकराला त्रिशला आली ती आधी भिंतीला हात लावून बघायला. भिंत होती तिथंच होती. मग तिनं भडंगाचा डबा सतरंजीवर ठेवला आणि पाय पोटाशी घेऊन बसली.

खोली इचलकरंजीत, यंत्रमागाच्या शेडवर. टिन अंब्रेला हा परदेशातला रॉक बँड. पुढच्या निम्म्या बँडांनी गिटार कशी धरायची ते म्हणे याच्याकडूनच उचललं. पण गावात त्याचे चाहते मोजून चार, आणि लोक त्यांना छत्री मंडळ म्हणायचे ते काही कौतुकानं नव्हे. अल्बमांची लांबलचक नावं कोणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून मंडळानं कव्हरवर जे चित्र असेल तेच नाव ठेवून टाकलं. पहिला अल्बम कुत्रा, चौथा जिना. मधले आणि पुढचे होते त्यातला निळा मासा गेला, घड्याळ गेलं, बाकीचेही गेले. आता कोणालाही विचारा, टिन अंब्रेलाचे दोनच अल्बम, असंच सांगतील.

मंडळाचे अध्यक्ष खोत सर. हायस्कुलात गणित शिकवायचे, म्हणून चिठ्ठ्या मोजायचं काम त्यांच्याकडे. ते स्वतः मत देत नसत. दुसरा रियाज मोमीन, याचं कॅसेटचं दुकान होतं, आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. तिसरी त्रिशला मगदूम, वाचनालयात पुस्तकं देते-घेते. आणि चौथा तिचा धाकटा भाऊ भरतेश. मंडळ काढलं त्यानंच. सहा वर्षांपूर्वी तो काविळीनं गेला, पण गेला म्हणून काही त्यानं सभासदत्व सोडलं नव्हतं. वर्षातून एकदा, मतदानाच्या रविवारी, जिन्याची दुसरी बाजू लावली की तो येऊन बसायचा. एकवीस मिनिटांनी गाणी संपली की नसायचा.

कुत्रा विकतचा होता, कंपनीचा. जिना तेवढा भरतेशनं याच खोलीत, रेकॉर्डरसमोर रेकॉर्डर ठेवून उतरवून घेतला होता. त्यात खालच्या मागांची खटखट होती, आणि दुसऱ्या गाण्यात एकदा तो स्वतः खोकला होता. त्रिशलाला त्या खोकल्याची जागा देवपूजेच्या वेळेसारखी पाठ होती.

नियम कोणी केले ते माहीत नव्हतं, पण ते मोडता येत नसत. ज्या अल्बमला सगळ्यात कमी समजता त्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. सगळे सभासद हजर पाहिजेत. पेन्सिल एकच, कॅसेटची फीत गुंडाळायला भरतेश वापरायचा ती, आणि ती खोटं मत लिहीत नसे. एका वर्षी वैतागून कोणी चिठ्ठीच लिहिली नाही, तर दार उघडेना. चार वाजता मुकाट्यानं लिहिली तेव्हा कडी निघाली. आणि अल्बम जायचा तो त्याच्याशी बांधलेलं काहीतरी घेऊन जायचा. निळ्या माशाबरोबर खोत सरांची वरात गेली. बायको राहिली, जेवणावळ राहिली, पण वरातीच्या फोटोंत आता नुसता मोकळा रस्ता दिसतो. सर म्हणतात, चला, बँडवाला तरी उरलेले पैसे विसरला.

आज एक जाणार, एक राहणार. त्रिशला आठ दिवस झोपली नव्हती. जिना गेला की भरतेश गेला. तो येतो या एका रविवारावर ती उरलेलं वर्ष काढायची.

रियाजनं कॅसेट घातली, बटण दाबलं. खटखट सुरू झाली आणि भरतेश सरांच्या आणि तिच्या मधे बसलेला होता. वय सव्वीस, चेक्सचा शर्ट. त्यानं आल्या आल्या डबा उघडला.

"यंदा पण बिनलसणाचं?" तो म्हणाला.

"आईनं केलंय. गप खा," त्रिशला म्हणाली.

तो मूठ मूठ खायचा आणि डबा भरलेलाच राहायचा. खाता खाता त्यानं नेहमीचं भांडण काढलं. जिन्यात ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात, गायकाला सर्दी झाली असावी, आणि शेवटचं गाणं चार मिनिटं उगाच लांबवलंय. कुत्रा बघा, एक सूर इकडचा तिकडं करता येणार नाही. रियाज म्हणाला, बाबा रे, पण जिन्यात जीव आहे. भरतेश म्हणाला, जीव असून काय उपयोग, गाणी कुठायत? सरांनी हसू दाबलं. त्रिशलाला मात्र त्याचा भयंकर राग आला. बसलाय त्याच फांदीवर कुऱ्हाड घालतोय, आणि वर तोंड करून हिशेब सांगतोय. लहानपणापासून असाच, आपलं तेच खरं.

रियाजनं पहिली चिठ्ठी लिहिली. त्यानं 'कुत्रा' लिहिलं आणि पेन्सिल सरळ उमटली. तो स्वतःच चकित झाला. दहा वर्षं दुकानात दिवसभर तोच लावला, कान किटले असतील, असं तो पुटपुटला. त्रिशलाला त्याचे पाय धरावेसे वाटले. मग भरतेशनं विचार न करता 'जिना' लिहून चिठ्ठी सरांच्या हातात दिली आणि हात झटकले.

एकास एक झालं. आता तिच्या हातात होतं. तिनं 'कुत्रा' लिहिलं. कागदावर नुसता चर उठला, अक्षर नाही. तिनं पुन्हा लिहिलं, दाबून. शिशाचं टोक शाबूत, कागद कोराच.

ती बारावीला नापास झाली त्या दिवशी गच्चीवर जाऊन बसली होती. घरात कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. बारा वर्षांचा भरतेश वर आला. त्यानं वॉकमनच्या हेडफोनचं एक बोंडूक तिच्या कानात घातलं, एक स्वतःच्या, आणि कुत्रा पहिल्यापासून लावला. कुत्रा गेला तर ती गच्ची जाईल, हे पेन्सिलीला तिच्या आधी कळलं होतं.

कॅसेटवर शेवटचं गाणं लागलं. सरांनी घड्याळाकडं बघितलं.

"अक्का, तुला जिना आवडतोय, का मी?" भरतेशनं विचारलं.

"तू."

"मग कुत्र्यातला पण मीच की. गच्चीवरचा."

"तो येऊन बसत नाही रे," ती म्हणाली. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

भरतेश तिच्याकडं वळला. मग हळू आवाजात म्हणाला, "पण जिना वाईटच आहे, अक्का. खरं सांग."

तिनं आयुष्यात त्याचं एकही म्हणणं भांडल्याशिवाय मान्य केलं नव्हतं. डोळे पुसून तिनं कागद मांडीवर घेतला आणि 'जिना' लिहिलं. पेन्सिल लोण्यातून फिरावी तशी फिरली.

"ड्रम खरंच डब्यासारखे आहेत," ती म्हणाली.

भरतेश इतका खूश झाला की त्यानं सरांच्या मांडीवर थाप मारली. सहा वर्षं सांगतोय, सहा वर्षं, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. सरांनी तिन्ही चिठ्ठ्या खिळ्याला लावल्या. दाराची कडी निघाली. मागची भिंत पुढं सरकू लागली, तसे रियाज आणि सर चपला घालून बाहेर जिन्यावर जाऊन उभे राहिले. दोघांपुरती जागा उरली. बहीण-भाऊ खांद्याला खांदा लावून बसले.

वाजत असलेला अल्बम संपल्याशिवाय जात नाही, हाही नियमच होता. शेवटचं गाणं चालू होतं. गायकाचं गाऊन झालं होतं आणि नुसती गिटार तेच तेच वाजत होती.

"आता थांबायला पाहिजे यांनी," भरतेश म्हणाला. "हेच ते. उगाच लांबवलंय."

"लांबवू दे," त्रिशला म्हणाली.

तिनं टेपच्या काचेतून बघितलं. डावं चाक रिकामं झालं होतं, फीत कधीच संपली होती. दोन्ही चाकं थांबलेली होती आणि गिटार वाजत होती. खाली रविवारचे बंद असलेले माग खटखटत होते. भरतेशनं न बघता डब्यात हात घातला, मूठ भरून तोंडात टाकली आणि बोटं चाटली. त्रिशलानं डब्यात पाहिलं. मूठभर भडंग कमी झालं होतं.