माझ्या खोक्यावरचा चोपन्नशे

हे सांगणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. लाज वाटते, मित्रांनो. पण ऐका.

मी एक जुना राउटर आहे. सहा अँटेनांचा. खोक्यावर ठळक छापलेलं: 'तीन बँड, वेग ५४००'. दुकानातच बाबा म्हणाले, "बास, हाच! घरचा तीनशेचा आहे. हा अठरापट!" मी असा फुगलो! घरचा दोन अँटेनांचा ठेंगू राउटर माळ्यावर गेला, मी बैठकीत. तीन वर्षं बाबा पाहुण्यांना माझं खोकं दाखवत होते.

खरं मला ठाऊक होतं. सहाशे, चोवीसशे आणि चोवीसशे अशी ती तीन बँडची, म्हणजे लहरींच्या तीन वाटांची, बेरीज. लॅपटॉप एका वेळी एकच बँड धरतो. जास्तीचा बँड गर्दी वाटून घ्यायला असतो. त्यात बाहेरून येणारी इंटरनेटची लाइनच शंभरची. आणि माझे दोन्ही वेगवान बँड भिंती आल्या की दमतात. लांब पोचतो तो हळू बँड. तो बाबांनी बंदच केला होता. "स्लोचं काय लोणचं घालायचंय?"

परवा ताईची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. एरवी ती बैठकीत बसते, पण त्या दिवशी शांतता हवी म्हणून मागच्या खोलीत गेली. दोन भिंतींपलीकडे.

"तिथे चालेल ना गं?" आईने विचारलं.

"आई, अठरापट आहे!"

तिसऱ्याच प्रश्नाला चित्र थिजलं. "हॅलो? सर, ऐकू येतंय?" लॅपटॉप घेऊन ती बैठकीत धावत आली, तोवर त्यांनी पुढच्याला बोलावलं होतं. तिने लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे पाहिलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल लाइनवाला दादा आला. "काका, हळू बँड बंद का? आणि हा आकडा बेरजेचा असतो हो, कुणा एकाला मिळत नाही."

"मग छापतात कशाला?"

"खपायला."

बाबा खाली बसले. "म्हणजे पोरीची मुलाखत मी घालवली."

तुम्ही नाही हो बाबा. मी गप्प बसून मिरवलो.

दादाने हळू बँड सुरू केला. ठेंगूला माळ्यावरून उतरवलं, वायर ओढून मागच्या खोलीत बसवलं. बाबांनी खोकं फाडून रद्दीत टाकलं.

मित्रांनो, आकडा बघून भुलू नका. विचारा, हा एकाचा की सगळ्यांचा मिळून? आणि आपल्या घरात भिंती किती?

उद्या ताईची दुसऱ्या ठिकाणी मुलाखत आहे. ठेंगूला मी वायरीतून शब्द दिलाय: "दोस्ता, ताईपाशी तू थांब. मी फक्त इंटरनेट तुझ्यापर्यंत आणून देईन. चोपन्नशेचं नाव काढणार नाही."