कोण आठवण काढतंय

डिस्चार्जच्या सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "घरी बघायला माणसं आहेत ना?" संघमित्राने तोंड उघडायच्या आत तिच्या आईने, कौसल्याबाईंनी, अभिमानाने सांगून टाकलं, "माणसांना काय तोटा, डॉक्टर? आख्खी चाळ आहे!"

झालं. अर्धांगाच्या झटक्यातून सावरलेले तिचे बाबा, कोंडीराम, 'घरी काळजी घ्यावी' एवढ्या शिदोरीवर घोडपदेवच्या चाळीत परत आले. निघताना संघमित्राने विचारून पाहिलं होतं, "सर, घरी येणारी नर्स मिळेल का?"

"इंजेक्शन नाही, जखम नाही. नर्स काय करणार?" म्हणत डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. खोटं काही बोलले नाहीत ते. पण नर्स नको तर दुसरं कोण हवं, हे सांगायला त्यांचं काय जात होतं? घरी येणारं माणूस म्हणजे नर्स, एवढंच संघमित्राला ठाऊक.

चाळीने मात्र शब्द राखला. खोलीचं दार दिवसभर सताड उघडं. शेजारच्या सुभद्रामावशी पायाचं सूप आणायच्या, कुशाबा उशाशी बसून राजकारणाचा कीस पाडायचे. कोंडीरामांना चार घोट पाजल्याशिवाय कुणी हलायचं नाही. आणि घोट घेतला की त्यांना ठसका लागायचा.

"बघा, कोण आठवण काढतंय!" सुभद्रामावशी म्हणायच्या. मग नावं सुरू. महाडची बहीण? विहारातली मंडळी? गोदीतला जुना दोस्त? ज्या नावाला ठसका थांबेल तो आठवण काढणारा. खोली हसायची. कोंडीरामही वाकड्या तोंडाने हसायचे आणि पुढचा घोट घ्यायचे.

"आई, रोज रोज कोण एवढी आठवण काढतं गं?" संघमित्रा वैतागायची.

"माणसं जोडलीत तुझ्या बाबांनी. तुला काय कळणार?"

प्यायल्यावर बाबांचा आवाज घरघरतो, गालफडं बसलीत, हे एकट्या संघमित्राला दिसत होतं. बाकी सगळे कौतुकात. बारभाईची खेती, काय लागेल हाती! तिने वॉर्डात फोन केला. डॉक्टर राउंडला गेलेले. दुसऱ्यांदा केला, तेव्हाही राउंडलाच. शेवटी ऑफिस बुडवून ती ओपीडीत रांगेला उभी राहिली. तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता खोकल्याचं औषध लिहून दिलं. त्या औषधाचाही बाबांना ठसका लागला. तिला बाटली भिंतीवर फेकून मारावीशी वाटली.

पुढच्याच आठवड्यात ताप चढला, श्वास लागला, आणि कोंडीराम पुन्हा त्याच वॉर्डात. न्यूमोनिया. नूपुर नावाच्या तरुण डॉक्टरने एक्स-रे पाहिला. "अन्नपाणी फुप्फुसात जातंय. गिळताना ठसका लागायचा का?"

"लागायचा की," कौसल्याबाई म्हणाल्या. पुढचं त्यांच्या ओठांवर आलं, पण बोलवेना.

"मग गिळायला शिकवणारी थेरपिस्ट नाही लावली? अशा पेशंटला घरी सोडतानाच रेफर करायला हवं."

"कुणी करायला हवं?" संघमित्राचा आवाज सगळ्या वॉर्डभर गेला. "आम्ही? की माझ्या सुभद्रामावशीने?"

नूपुरने त्याच वेळी थेरपिस्टसाठी चिठ्ठी लिहून दिली.

कोंडीराम वाचले. घरी आल्यावर ऋतिका नावाची थेरपिस्ट आली. तिने त्यांना ताठ बसवलं, हनुवटी छातीकडे झुकवायला सांगितली, पाण्यात पावडर घालून ते दाट केलं. एका वेळी एकच चमचा. आणि खोलीत कुणी बोलायचं नाही. सुभद्रामावशी सूप घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. कौसल्याबाईंनी दिवसाढवळ्या त्यांच्या तोंडावर दार लोटलं. मावशींना ते लागलं असणार, पण कौसल्याबाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

एक चमचा. कोंडीरामांनी गिळला. ठसका नाही. दुसरा. तोही गेला. कौसल्याबाईंनी पदर तोंडात धरला आणि त्या रडू लागल्या. संघमित्राला रडू येईना. तिच्या अंगाचा नुसता संताप होत होता. चहा निवायच्या आत शिकून झालं होतं सगळं.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच," ऋतिका हात पुसत म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात बोलवायचं ना. इतकं झालंच नसतं."

"बोलावलं असतं हो," संघमित्रा म्हणाली. "पण तुमच्यासारखं कुणी असतं, हेच कुणी सांगितलं नाही."