महादेव म्हात्र्याची दाढ

पनवेलच्या खाडीकाठी महादेव म्हात्र्याच्या उजव्या दाढेला मोठा मान होता. मिठागरावर पहिली रास पडली की तो तिच्यातला एक खडा त्या दाढेखाली फोडायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "चांगलं हाय." किंवा, "नाय." तो नाय म्हणाला की व्यापारी राशीला हात लावत नसत.

१९५८ च्या पौषात ही दाढ किडली आणि गाल सुजला. लवंग झाली, मशेरी झाली, भगताचा दोरा झाला. शेवटी सून चंद्रावती त्याला बाजारपेठेतल्या दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ती मॅट्रिक झालेली होती. घरात हा तिचा सर्वांत मोठा दोष मानला जाई.

"दाढेच्या मुळांत बारीक नळ्या असतात, त्यांत नस असते," डॉक्टर म्हणाले. "तुमची नस सडली आहे. ती काढायची, नळ्या साफ करून भरायच्या. दाढ उपटावी लागणार नाही. तीन खेपा लागतील. तोवर या बाजूने कडक काही चावू नका."

"नस काढल्यावर दाढ जिती ऱ्हाते?"

"थंड-गरम कळणार नाही तिला. काम मात्र करील."

पहिल्याच खेपेला नस निघाली आणि ठणका थांबला. महादेव दुसऱ्या खेपेला गेलाच नाही. दुखत नाही तर औषध कशाला?

पण बातमी फुटली होती. शेजारच्या मिठागरावरचा भगवान चारचौघांत म्हणाला, "काका, मेलेली दाढ काय निवाडा देनार? यंदा पारख मी करतो."

महादेव रात्री जेवला नाही.

"मामा, चव जिभेला कळते," चंद्रावती म्हणाली. "खडा किती कडक, ते दाढेच्या मुळाभोवती कळतं. आतल्या नसेवाचून काही अडत नाही. फक्त उरलेल्या दोन खेपा करा."

"तू शाळा शिकलीस. मीठ नाय शिकलीस."

माघात रास पडली. सगळे जमले. दाढ जिवंत असल्याचे दाखवायला महादेवने गोटीएवढा खडा निवडला आणि जोर लावला. कर्रकन आवाज झाला. लोक खूश झाले. आवाज खड्याचा नव्हता.

दाढ मुळापर्यंत चिरली होती. डॉक्टरांनी ती काढून कागदात बांधून दिली. भगवान दोन दिवस मिशीला पीळ देत हिंडला.

तिसऱ्या दिवशी महादेव तपकिरीची डबी घेऊन मिठागरावर आला. डबीतून दाढ काढली, तिच्यावर खडा घासला, डोळे मिटले.

"चांगलं हाय."

लोकांनी माना डोलावल्या. व्यापाऱ्याने गोणी उघडल्या. भगवानने दाढेला हात जोडले. तोंडात होती तोवर तिच्यात जीव आहे की नाही अशी शंका होती. डबीत गेल्यावर ती शंका कोणालाच उरली नाही.

खडा घासून झाल्यावर महादेवने बोट हळूच जिभेला लावले होते. ते फक्त चंद्रावतीने पाहिले.

"मामा, जीभ," ती पुटपुटली.

"गप ऱ्हा," महादेव म्हणाला. "दाढ बोलते हाय."