आधी नको म्हणायचं

गुरुवारी अकरा वाजता मेल आला आणि पायलने तो तीनदा वाचला. अमेरिकेत डॅलसला जाणाऱ्या टीमचा लीड म्हणून अभिनवची निवड झाली होती. अभिनव! दोन वर्षांपूर्वी याच अभिनवला तिने शेजारी बसवून काम शिकवलं होतं. सगळ्यांनी त्याचं अभिनंदन करावं, अशी मेलच्या शेवटी सूचना होती. पायलने गोड हसून अभिनंदन केलं, बाथरूममध्ये गेली आणि कडी लावून भिंतीला टेकून उभी राहिली.

कारण डॅलस तिचं होतं. सोमवारी तिचा मॅनेजर दत्तप्रसाद स्वतः तिच्या टेबलाशी आला होता. "सहा जणांची टीम चाललीय. लीड म्हणून तुम्ही जाता का?" असं त्याने स्वच्छ शब्दांत विचारलं होतं. सहा वर्षं ती या कंपनीत घासत होती, त्यातली शेवटची तीन तर रोज कर्वेनगरहून हिंजवडीपर्यंत बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत. हेच तर हवं होतं तिला! आणि तिच्या तोंडून काय निघावं? "नको सर, असू दे. दुसऱ्या कुणाला बघा ना." दत्तप्रसादने मान हलवली आणि तो गेला.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई वेडी आहे की काय. अजिबात नाही. लहानपणापासून तिच्या आईने, ललिताने, तिला एकच वळण लावलं होतं. कुणी काही पुढे केलं की आधी नको म्हणायचं. ज्याला मनापासून द्यायचं असतं, तो पुन्हा विचारतो. पायलच्या अंगात हे इतकं मुरलं होतं की आपण नको म्हणतो आहोत, हे तिच्या ध्यानातही येत नसे. सोमवारीसुद्धा तिच्या मते ती 'हो'च म्हणाली होती. मंगळवारी तिने लक्ष्मी रोडवरून जाडजूड स्वेटर आणला आणि बुधवारी माळ्यावरची मोठी बॅग खाली काढून पुसली.

फक्त एक गोष्ट ती विसरली होती. दत्तप्रसाद सदाशिव पेठेत वाढला होता. तिथे चहाचं एकदाच विचारतात, आणि तेही 'घेऊन आला असालच' अशा सुरात.

दुपारी ती त्याच्या केबिनमध्ये गेली.

"सर, डॅलसचं... मला वाटलं होतं, तुम्ही परत विचाराल."

दत्तप्रसादने चष्मा कपाळावर चढवला. "परत? का बरं? पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं का आपल्याला?"

"आलं होतं."

"मग झालं तर. मी इथे ऑफिस चालवतो, पंगत नाही वाढत. आग्रह कसला करायचा?" एवढं बोलून तो थांबला. तिचा चेहरा पाहून त्याचा आवाज जरा उतरला. "आणि खरं सांगू का, तुम्ही नाही म्हणणार हे मी धरूनच चाललो होतो. केवळ नियम म्हणून विचारलं. हे बघा."

त्याने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. तिच्या नावाखाली चार ओळी होत्या. नव्व्याण्णव साली नवीन मुलांना शिकवण्याची जबाबदारी: नकार. दोन हजारला बंगलोरचं ट्रेनिंग: नकार. दोन हजार एकला टीम लीडचं पद: नकार. दोन हजार तीन, डॅलस: नकार. आणि खाली कुण्या आधीच्या मॅनेजरने शेरा मारून ठेवला होता: 'कामात उत्तम, पुढे जाण्याची इच्छा नाही.'

बंगलोरचं पायलला आठवलं. कॅन्टीनमध्ये कुणीतरी जाता जाता विचारलं होतं आणि ती हसून नको म्हणाली होती. पण टीम लीड? ते कधी विचारलं होतं? डोक्याला ताण दिल्यावर आठवलं, लिफ्टमध्ये. तिसऱ्या मजल्यापासून तळमजला येईपर्यंत ते पद समोर येऊन निघूनही गेलं होतं. आपल्याला कुणी काही देतच नाही, आपल्यासारख्यांना कोण देणार, असं ती सहा वर्षं मनातल्या मनात कुढत होती. आणि इथे तर चारदा दिलं होतं! चारदा तिने स्वतःच्या हाताने परत केलं होतं.

त्या दिवशी ती लवकर घरी आली. ललिता स्वयंपाकघरात मंडईतून आणलेली मेथी निवडत बसली होती. चपलासुद्धा न काढता पायल तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुझ्यामुळे गेलं माझं डॅलस. कसलं वळण लावलंस मला? हे कुठलं शहाणपण, हवं असताना नको म्हणायचं?"

सगळं ऐकेपर्यंत ललिताच्या हातातली जुडी तशीच राहिली. मग ती म्हणाली, "विमलाबाईंचा चहा आठवतो तुला?"

विमलाबाई म्हणजे शुक्रवार पेठेत खोली घेऊन राहत असतानाच्या शेजारच्या शिक्षिका. पायलचे वडील बाबुराव तेव्हा टेलिफोन खात्यात नुकतेच लागले होते. विमलाबाईंनी पायलला पाचव्या वर्षापासून दहावीपर्यंत गणित आणि इंग्रजी फुकट शिकवलं. त्या नसत्या तर आपण इंजिनीअर झालो नसतो, हे पायल आजही सगळ्यांना सांगायची.

"चहा कुठे घेतला मी कधी त्यांच्याकडे?"

"एकदा घेतलास. पहिल्याच दिवशी. तुला न्यायला मी दारात आले, तेव्हा पाहिलं. बाकीच्या पोरांना कपबशी आणि तुला कान तुटलेला कप. तो बाहेर कट्ट्यावर ठेवलेला असायचा, मोलकरणीच्या कपाशेजारी. पिऊन झाल्यावर तो तुझा तू विसळलास. खुशीत होतीस तू. मला म्हणालीस, आई, बाईंनी मला वेगळा कप दिला."

विमलाबाई? तिच्या डोक्यावरून हात फिरवणाऱ्या, ती बोर्डात आली तेव्हा रडलेल्या विमलाबाई?

"मग मला तिथे पाठवणं बंद का नाही केलंस?"

"बंद करून काय करू? मी सातवी शिकलेली. तुला गणित कोण शिकवणार होतं?" ललिताचा आवाज चढला. "मला त्या बाईचं गणित हवं होतं, चहा नको होता. पण पाच वर्षांच्या पोरीला हे कसं सांगू? सांगितलं असतं तर तू त्या उंबऱ्याच्या आत गेली असतीस का? म्हणून म्हटलं, काही दिलं तर नको म्हणायचं, खरं द्यायचं असेल तर पुन्हा विचारतील. त्या पुन्हा विचारणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं."

"आणि नंतर? मोठी झाल्यावर?"

"नंतर सगळे म्हणायला लागले, ललिताबाई, पोरगी किती गुणी आहे, कशाला म्हणून हात लावत नाही. मलाही बरं वाटायचं गं. खरंच गुणी झालीस असं वाटलं." ललिताने पदर डोळ्यांना लावला. "चांगलं केलं समजून चाललेले मी."

पायलला आईचा राग आला, विमलाबाईंचा आला आणि दोघींवरही धड रागावता येईना म्हणून स्वतःचाच आला. ज्या घराने तिला गणित दिलं, त्याच घराने तिचं तोंड शिवलं होतं. रात्री तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दत्तप्रसादसमोर खुर्ची ओढून बसली. साधं एक वाक्य, पण बसमध्ये तिने ते दहादा मनात म्हणून पाहिलं होतं.

"सर, मला लीड व्हायचं आहे. मला पुढे जायचं आहे."

दत्तप्रसादने तिच्याकडे निरखून पाहिलं. "डॅलसचं आता होणार नाही. अभिनवचे व्हिसाचे कागद पाठवून झाले. मार्चमध्ये लंडनचं काम सुरू होईल बहुतेक."

"ते मला हवंय."

"बरं." त्याने काहीतरी टाइप केलं. "लिहिलं तुमचं नाव."

"झालं?"

"मग काय, सनई लावू?"

बाहेर आली तेव्हा पायलला हसावं की रडावं कळेना. इतकं सोपं होतं? एका वाक्याचं काम, आणि त्यापायी तिची सहा वर्षं गेली होती! जिन्यात जाऊन तिने घरी फोन लावला.

"आई, मागितलं मी."

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

मग दबक्या आवाजात ललिताने विचारलं, "पायल, आणखी कुणाकुणाला नको म्हणालीस गं?"

कुणालाच नाही, असं म्हणायला पायलने तोंड उघडलं, आणि तिला चेतन आठवला. कॉलेजात चार वर्षं तिच्या शेजारच्या बाकावर बसायचा. नागपूरला परत जाताना स्टँडवर त्याने एकदाच विचारलं होतं, तुझ्या घरी येऊन बोलू का. ती पायरीवर खाली बसली. मागच्या महिन्यातच ती त्याच्या लग्नात जेवून आली होती.