निखतची जिनिंग

हसनैनच्या कॅफेत पाच कॉम्प्युटर होते, पाचही एकमेकांना तारेनं जोडलेले. २००२ च्या उन्हाळ्यात नागपूरहून आलेल्या एका सीडीवर तो गेम आला आणि अकोल्याच्या त्या गल्लीत कॉलेजच्या पोरांची रांग लागली. एका इंग्रजी सिनेमाच्या मालिकेवरून काढलेला गेम. दूरच्या ग्रहावरची वस्ती, अंधारे बोळ, आणि तिघांपैकी एक व्हायची मुभा: बंदूकवाला शिपाई, भिंतीवरून सरपटणारा राक्षस, नाहीतर डोळ्यांदेखत दिसेनासा होणारा शिकारी. पोरांना राक्षस तरी व्हायचं असे, नाहीतर शिकारी. शिपाई मरायचाच.

हसनैनची धाकटी बहीण निखत मात्र कायम शिपाई व्हायची. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत ती झाडझूड करायला कॅफेत येई आणि मग कोपऱ्यातल्या मशीनवर बसे. शिपायाच्या हातात एक यंत्र होतं. जवळपास काही हललं की ते वाजे, पण काय हललं ते काही सांगत नसे.

"राक्षस काहून होत नाही तू?" हसनैननं एकदा विचारलं. घरात अम्मीची बोली हिंदी, पण ही दोन भावंडं गल्लीत वाढलेली. एकमेकांशी आणि अब्बांशी बोलताना वऱ्हाडीवरच यायची.

"राक्षसाले भेव नाही वाटत, भाईजान. भेव वाटलं नाही त जागा दिसत नाही."

त्यांचे अब्बा, गुलाम नबी, सव्वीस वर्षं एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. कापसातून सरकी काढायची, रुईच्या गाठी दाबायच्या, तिथली यंत्रं त्यांच्या हाताखाली. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. गाड्या येईनाशा झाल्या आणि दिवाळीनंतर मालकानं यंत्रं भंगारात काढून कुलूप लावलं. अब्बा घरी बसले. सकाळी सातला उठून, तेलाचे डाग पडलेला शर्ट घालून बाहेरच्या ओट्यावर बसत, आणि दहाला आत येऊन तो शर्ट काढून ठेवत.

त्याच हिवाळ्यात निखतला एका मासिकाच्या सीडीवर त्या गेममधल्या जागा स्वतः बांधायचं साधन सापडलं. तीन महिने ती रोज सकाळी बसली. लहानपणी ती अब्बांचा डबा घेऊन जिनिंगमध्ये जायची. तेव्हाचं सगळं तिला पाठ होतं. तिनं ग्रहावरची वस्ती बांधली ती हुबेहूब त्या जिनिंगसारखी. लांब शेड, वर यंत्रांचे फिरते पट्टे, हवेत तरंगणारा कापूस, प्रेसची खोल विहिरीसारखी खोली. त्या कापसामागून राक्षस कुठून येईल ते कळायचंच नाही.

एका सकाळी तिनं अब्बांना आणून खुर्चीवर बसवलं. पडद्यावरचा शिपाई शेडमधून चालत होता आणि त्यांची मान त्याच्याबरोबर वळत होती.

"प्रेसची खोली डावीकडं होती," शेवटी ते म्हणाले. "आन दाराजवळ तीन पायऱ्या. तू चार केल्या."

निखतनं तिथंच एक पायरी काढली, प्रेसची खोली दुसऱ्या दिवशी डावीकडं नेली. अब्बांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. त्या दिवसापासून ते भेटेल त्याला सांगू लागले, "माह्या पोरीनं जिनिंग पुन्हा बांधली."

मार्चमध्ये त्या गेमच्या चाहत्यांच्या एका परदेशी वेबसाइटनं स्पर्धा ठेवली. निखतची जिनिंग पाठवायचं ठरलं. फॉर्म भरायला हसनैन बसला. नावाच्या रकान्याशी तो थांबला. गेम खेळणाऱ्या पोरांच्या गर्दीत बहिणीचं नाव कशाला, असं त्याला वाटलं. त्यानं त्या वेळी स्वतःची तरी तीच समजूत घातली. रकान्यात त्यानं स्वतःचं नाव लिहिलं आणि संध्याकाळी तिला सांगितलं.

"बरं," निखत म्हणाली. "घरचंच नाव हाये."

जिनिंग पहिली आली. दोन महिन्यांनी पुण्याच्या एका कंपनीतून हसनैनला फोन आला. ते गेम बनवत होते, त्यांना असा माणूस हवा होता. घरात शिरखुर्मा झाला. निघायच्या आदल्या दिवशी निखत त्याची बॅग भरताना म्हणाली, "तिथं गेल्यावर सांगा हं, भाईजान, जिनिंग कोनं बांधली ते. मी इथूनबी काम करीन."

"सांगतो ना."

पुण्यात त्यानं सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर उभं करून "हा तो जिनिंगवाला" म्हटलं, टाळ्या झाल्या, आणि ती वेळ गेली. पुढं सांगणं रोज आणखी अवघड होत गेलं. काम अडलं की तो जेवणाच्या सुट्टीत एसटीडी बूथवरून घरी फोन लावी, आणि उजेड कुठून सोडायचा, बोळ कुठं वळवायचा ते निखत त्याला सांगे. तो कागदावर उतरवून घेई.

एकदा फोन अब्बांनी उचलला.

"साहेबाले निखतचं नाव सांगितलं का?"

मागं दोघं बूथ रिकामं व्हायची वाट पाहत उभे होते. "सांगितलं, अब्बा," हसनैन म्हणाला. "ते म्हणे, तिले फोन करू."

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, आता आज सांगूनच टाकू. त्या दिवशी नाही सांगितलं. नंतरही नाही.

चार महिन्यांनी निखतचं सांगणं बंद झालं. "मले आता आठवत नाही, भाईजान," ती फोनवर म्हणे आणि अम्मीकडं रिसिव्हर देई. तिच्या मदतीशिवाय हसनैनच्या खोल्या नुसत्या खोल्याच निघू लागल्या. वर्षाच्या आत त्याला चुका शोधायच्या कामावर बसवलं आणि पुढच्या वर्षी नकोच म्हणाले. दरम्यान निखतचं लग्न होऊन ती अमरावतीला गेली होती. हसनैन अकोल्याला परतला. कॅफे मोडून त्यानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं.

२००६ च्या पावसाळ्यात तो एक दिवस अमरावतीला बहिणीकडं गेला. मेहुणे कामावर होते. निखत शिवणयंत्रावर बसली होती, पायाशी तिची दीड वर्षाची तहरीम चिंध्यांशी खेळत होती. चहा होईपर्यंत त्यानं धीर गोळा केला आणि सगळं सांगितलं: टाळ्या, बूथ, अब्बांशी बोललेलं खोटं.

"मले मालूम हाये," निखत म्हणाली.

हसनैननं मान वर केली.

"अब्बा रोज म्हनत, साहेबाचा फोन येते. अचलपूरचं एक स्थळ आलं होतं, त्यायले अब्बानं थांबा म्हटलं. पोरीची नोकरी होऊन राहिली म्हने. दोन महिने मी फोनजवळून हलली नाही. मंग तुमच्या चिठ्ठीवरचा कंपनीचा नंबर पाहून मीच लावला. तिथली बाई म्हने, या नावाचं आमाले काही मालूम नाही. मी म्हटलं, जिनिंग मी बांधली. ती हसली."

"मंग मले बोलली काहून नाही तू?"

"तुमी बोलाची वाट पाहून राहिली होती."

तिचा आवाज चढला नव्हता. हसनैनला वाटलं, तिनं ओरडावं, कप फेकावा. तिनं तहरीमच्या हातातली टाचणी काढून घेतली.

"मी आजच अब्बाले खरं सांगतो," तो म्हणाला. "आन त्या वेबसाइटलेबी लिहितो."

"वेबसाइट बंद झाली. मी पाह्यलं." ती पुन्हा यंत्राकडं वळली. "आन अब्बाले सांगू नका. त्यायचा एकच पोरगा हाये, भाईजान. त्यायले आता त्याच्याबद्दल हे कायले सांगता?"

त्यानं सांगितलं नाही. दोन वर्षांनी, थंडीत, गुलाम नबी गेले. साहेबांना निखतचं नाव माहीत आहे, फोन करायचं साहेबांकडूनच राहून गेलं, असं ते अखेरपर्यंत मानत. मयतीला निखत आली, अम्मीजवळ तीन दिवस राहिली. हसनैन तिला गाडीवर सोडायला गेला. स्टेशनवर तहरीम त्याच्या कडेवर झोपली होती. काही विचारावं म्हणून त्यानं विचारलं, "तू काही करते का आता, कॉम्प्युटरवर?"

"नाही," निखत म्हणाली, आणि गाडी आली म्हणून पोरीला घ्यायला तिनं हात पुढं केले.