आवाज बसला

"टेप बंद कर रं आधी," आकारामनं खिडकीतून हात बाहेर काढून सांगितलं.

ट्रॅक्टरवाल्यानं टेप बंद केला नाही, नुसता बारीक केला. दोन ट्रॉल्या ऊस आणि सीटमागं बांधलेले दोन थोरले स्पीकर घेऊन तो वजनकाट्यावर चढला. आकारामनं वजन घेतलं, पावती दिली, आणि ट्रॅक्टर ऊस उतरवायच्या गव्हाणीकडं वळला तसा मोबाइल पुन्हा उघडला. गाणी नव्हतीच. दोन महिने झाले, तो रोज एकदा बघायचा. जिथं पूजा नावाच्या एका गाणारणीची सहा गाणी होती तिथं 'उपलब्ध नाही' एवढीच इंग्रजी ओळ यायची, आणि तरीही दुसऱ्या दिवशी बघायचं काही सुटायचं नाही.

वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या काट्यावर आकाराम सव्वीस वर्षं कारकून होता. दिसायला साधा, बढतीच्या यादीत नाव नाही, भावकीत वजन नाही. माणसाजवळ मिरवण्यासारखं काहीतरी असावं लागतं, तसा त्याच्याजवळ कान होता. दोन शब्द ऐकले की गाणारा ओळखायचा. "माझं दहा वेळा सांगितलेलं ऐकू येत न्हाई, आणि म्हणं कान," असं बायको म्हणायची, पण तीही पाहुण्यांपुढं त्याच्या कानाचं कौतुक सांगायची.

तेवढ्यात फोन वाजला. साताऱ्याहून दीपाली होती.

"आकारामदादा, काट्यावर हाय का? बसून घ्या जरा."

"बसलोयच की. काय झालं?"

"सकाळी वॉर्डात एक मास्तर आलेले. म्हणाले, सिस्टर, आवाज बसलाय. मी केसपेपरवर तसंच लिहिलं. आणि लिहिल्यावर माझा हातच थांबला." "दादा, त्या पूजाच्या गाण्याखाली आपण काय लिहिलेलं?"

"बसला, म्हणून लिहिलं. दुसरं काय लिहिणार?"

"तुमी पुरतं काय लिहिलेलं?"

बाहेर पुढचा ट्रॅक्टर हॉर्न मारत होता, आणि आकारामला तो ऐकू येत नव्हता.

हा 'बसला' शब्द सांगलीचा. म्हणजे सगळ्या सांगलीचा नव्हे, स्टँडजवळच्या भरतेशच्या कॅसेटच्या दुकानाचा. नावाजलेल्यांच्या कॅसेटी आपल्या पायानं जायच्या. भरतेशला नाद होता तो कुणी विचारत नाही अशांचा. काउंटरपुढं एकच लाकडी स्टूल होतं. गिऱ्हाईक उभं असायचं, भरतेश नवी, धूळ न बसलेली कॅसेट लावायचा आणि गाण्याकडं नाही तर गिऱ्हाइकाच्या पायांकडं बघायचा. ऐकता ऐकता माणसानं हात मागं नेऊन स्टूल चाचपलं आणि टेकला, की भरतेश म्हणायचा, "बसला." मग कॅसेट बांधायला घ्यायचा. कुणी चुळबुळ करून निघाला तर "उठला" म्हणून ती परत फळीवर ठेवायचा.

त्या स्टुलावर बसून बसून चौघांची ओळख झाली होती. भरतेश, आकाराम, तेव्हा मिरजेत नर्सिंग शिकणारी दीपाली, आणि सुट्टीवर आला की वर्षभराची गाणी ट्रंकेत भरून नेणारा फौजी नाथाजी. पुढं कॅसेटी गेल्या. भरतेश त्याच दुकानात मोबाइलची कव्हरं विकायला लागला. नाथाजी रिटायर होऊन पाटणच्या वरच्या अंगाला आपल्या गावी आला, दीपाली साताऱ्याच्या एका दवाखान्यात कान-नाक-घशाच्या वॉर्डात सिस्टर झाली. पण फोनवर चौघांचा ग्रुप राहिला. त्याचं नाव 'नवं काय'.

दर गुरुवारी पाळीपाळीनं एकानं एक नवा अल्बम सांगायचा, ज्याच्याकडं कुणी बघितलेलं नाही असा. बाकीच्यांनी तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायचा. मत एका शब्दात द्यायचं, बसला किंवा उठला. आणि गाणं उतरवून आपल्याजवळ ठेवायचं नाही. गाणाऱ्यानं जिथं ठेवलंय तिथंच जाऊन दर वेळी ऐकायचं, म्हणजे त्याच्या नावापुढचा आकडा एकानं तरी वाढतो. हा नियम दीपालीचा, आणि चौघांनाही त्याचा अभिमान होता.

सहा वर्षांत त्यांनी तीनशेच्या वर अल्बम ऐकले. त्यातला एकही वर आला नाही. पन्हाळ्याकडचा एक सुंदर गाणारा पोरगा टेम्पो चालवायला लागला. जतची एक बाई लग्नानंतर दिसेनाशी झाली. "आपण ज्याच्यावर हात ठेवतोय ते वाळतंय गड्या," असं भरतेश एकदा म्हणाला होता. चेष्टेत म्हणाला होता, पण त्यावर कुणी हसलं नाही.

दिवाळीच्या आधल्या गुरुवारी आकारामची पाळी होती. त्यानं पूजा हे नाव टाकलं. गाव पाटण. सहा गाणी, सोबत एक पेटी, आणि आवाज असा खालच्या पट्टीतला, खरखरीत, जात्यावरून उठून आल्यासारखा. ऐकणारे एकोणीस. तिसरं गाणं धरणात गेलेल्या गावाचं होतं. खुर्चीत बसलेला आकाराम ते ऐकताना उभा राहिला आणि परत बसला. त्या रात्रपाळीत त्यानं ते अकरा वेळा ऐकलं आणि दोन ट्रॅक्टरांच्या पावत्या चुकवल्या.

"हिला आपण कळवूया," त्यानं ग्रुपवर लिहिलं. "आजवर कुणाला काय सांगितलं न्हाई. म्हणून तर ही माणसं दम सोडत्यात."

भरतेश नको म्हणत होता. ऐकणाऱ्यानं गाणाऱ्याच्या दारात जाऊ नये, असं त्याचं मत. पण आकारामनं कधी नव्हे तो हट्ट धरला. चौघांनी गाण्याखाली आपापलं मत लिहिलं. भरतेशनं 'बसला', नाथाजीनं 'बसला', दीपालीनं 'बसला'. आकारामला एक शब्द कमी वाटला. त्यानं लिहिलं, 'आवाज बसला.'

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. 'कळलं. आभारी आहे.'

ते आकारामनं बायकोला दाखवलं, काट्यावरच्या शिपायाला दाखवलं. आठ दिवसांनी गाणी गेली तेव्हाही तो दुःखी झाला नाही. कुणीतरी मोठ्या कंपनीनं घेतली असतील, असं त्यानंच ग्रुपवर लिहिलं, आणि सगळ्यांनी ते मानलं. वीस-पंचवीस वर्षं एक शब्द आपलाच आहे असं धरून वापरला, की तो बाहेर कसा ऐकू येतो हे माणूस विसरतो. बाहेरच्या जगात आवाज बसतो तेव्हा तो गेलेला असतो, हे कुणाही पोराला ठाऊक आहे. या चौघांच्या डोक्यात ते आलं नाही.

दीपालीच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी त्यानं रजेचा अर्ज दिला.

"हंगामात रजा?" हेडक्लार्क म्हणाले. "कोण गेलं व्हय घरात?"

"अजून कळालं न्हाई," आकाराम म्हणाला.

नाथाजीनं एका दिवसात पत्ता काढून ठेवला होता. पाटणच्या स्टँडवर तो उभाच होता, ताठ, मिशा विंचरलेल्या.

"तहसील कचेरीजवळ झेरॉक्सचं दुकान हाय, तिथं असती ती," तो चालता चालता म्हणाला. "जायचं, माफी मागायची, वापस यायचं. जादा बोलायचं न्हाई. आपली ड्यूटी तेवढीच."

"ती परत गायला लागंल का रं?"

"ते मला काय विचारतूस."

दुकान रस्त्याच्या कडेला होतं. नाथाजी समोरच्या टपरीवर थांबला. आत तिशीतली एक मुलगी कागद सारखे करत बसली होती.

"काय काढायचंय काका? उतारा का दाखला?" तिनं विचारलं. आवाज स्वच्छ, पातळ, शाळेतल्या बाईंसारखा.

"काय काढायचं न्हाई. हितं पूजा म्हणून कोण हायत, त्यास्नी भेटायचं हुतं."

"मीच."

"न्हाई, तुमी न्हाई. त्या गाणं म्हणत्यात."

मुलीनं कागद खाली ठेवले. "मीच ती, काका," ती म्हणाली. "म्हणत हुते."

आकाराम तिच्याकडं बघत राहिला. ज्या आवाजासाठी तो दोन महिने रोज मोबाइल उघडत होता, तो समोर बोलत होता आणि त्याच्या कानानं ओळखला नव्हता. त्याला भीती वाटली, आणि लाजही वाटली.

"बसा," तिनं बाकाकडं हात केला. "कुठनं आला?"

त्यानं सगळं सांगितलं. वजनकाटा सांगितला, भरतेशचं दुकान सांगितलं, स्टूल सांगितलं, माणूस टेकला की कॅसेट बांधायची ते सांगितलं. सांगता सांगता आपलं आपल्यालाच ते खुळ्यासारखं वाटायला लागलं, पण त्यानं काही सोडलं नाही. शेवटी म्हणाला, "पोरी, 'आवाज बसला' म्हंजी आमच्यात लय चांगला. त्याच्या वर दुसरा शब्द न्हाई आमच्याकडं."

पूजा हसली. हसणंही पातळच होतं.

"घशात गाठी झालेल्या माझ्या," ती म्हणाली. "लहानपणापासनं आवाज तसाच, खरखरीत. दोन वर्षं झाली, डॉक्टर म्हणायचे, ऑपरेशन कर. बोलायला सोपं जाईल, पर गाण्याचं सांगता येत न्हाई, आवाज बदलंल. मी पुढं ढकलत हुते. घरची सगळी चांगलंच म्हणायची. आई तर काय, मी खोकले तरी चांगलं म्हणंल. मग म्हटलं, अनोळखी माणसं काय म्हणत्यात बघू. त्यास्नी खोटं बोलायचं काय कारण न्हाई. म्हणून टाकली गाणी."

आकाराम बाकाच्या कडेला सरकला.

"महिनाभर कोण काय बोललं न्हाई. आणि एके दिवशी चौघांनी एकच लिहिलं. बसला, बसला, बसला, आवाज बसला. चौघं ओळखीचे असतील असं डोक्यातच आलं न्हाई. मला वाटलं, चार गावची चार माणसं एकच सांगत्यात तर खरंच असणार. गाणी काढून टाकली आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशन केलं."

"मग आता गाऊन बघितलं का?"

"बघितलं की. सूर लागतोय. पर तो बाईमाणसाचा गोड आवाज झालाय, तसल्या लय बाया हायत. ती गाणी ह्या आवाजाची न्हाईत."

"मग ती जुनीच परत घाला. तसल्या आवाजात परत कोण म्हणणार हाय?"

"न्हाईत माझ्याकडं. कऱ्हाडच्या ज्यांनी रेकॉर्ड केलं त्यांचा कॉम्प्युटर बिघडला. मोबाइलमधली मीच पुसली." ती त्याच्याकडं बघायला लागली, आणि पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात थोडी घाई आली. "तुमी चौघांनी एवढी ऐकली म्हणता. कुणाकडं तरी उतरवलेली असतील की?"

आकारामला दीपालीचा नियम आठवला. इतक्या चांगल्या मनानं केलेला नियम, आणि तो सांगायला त्याची जीभ वळेना. त्यानं नुसती नाही म्हणून मान हलवली.

"जाऊ द्या," पूजा म्हणाली. त्याचीच समजूत घालायच्या सुरात ती म्हणाली, आणि ते त्याला जास्त लागलं. एक म्हातारा आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायला आला. तिनं ती काढून दिली, परत येऊन बसली.

"तुमास्नी कुठलं आवडलं हुतं?"

"तिसरं."

"म्हणा बरं. कोण ऐकत न्हाई."

आकाराम आयुष्यात कधी गायला नव्हता. त्यानं रस्त्याकडं बघत, बोलल्यासारखं सुरू केलं.

"पाण्याखालच्या घराला कडी लावली कुणी,
चुलीपाशी ऱ्हायली गं माझ्या आईची फुकणी."

चाल मात्र बरोबर होती, एक हरकतसुद्धा चुकली नाही. दुसऱ्या कडव्याला पूजाचे ओठ हलायला लागले. ती आवाज काढत नव्हती, नुसते शब्द जुळवत होती. अंगणात कोण सडा टाकतं ते झालं, दारावरून मासे जातात ते झालं. चौथ्या कडव्याला आकाराम थांबला.

"पाणी उतरलं की," तो म्हणाला. "इथनं पुढं?"

"पाणी उतरलं की..." पूजानं डोळे मिटले. "थांबा हं. पाणी उतरलं की..."

"चाल वर जाती तिथं. नानाना, ना नाना."

"चाल हाय डोक्यात. शब्द येईना झालेत."

"वहीत असंल की लिहिलेलं."

"वही कुठली. भाकरी करता करता केलेलं मी."

दोघांनी तीन-चारदा पहिल्यापासून म्हणून बघितलं. वेगात म्हटलं म्हणजे आपोआप येईल, असं तिला वाटलं. आलं नाही. समोरून नाथाजीनं हात करून एसटी लागल्याचं सांगितलं. पूजानं एक फुकट गेलेली झेरॉक्स उलटी केली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर तीन कडवी लिहिली. चौथ्याच्या जागी 'पाणी उतरलं की' एवढं लिहून पुढची ओळ रिकामी ठेवली, आणि कागद त्याच्या हातात दिला.

"तुमास्नी आठवलं तर कळवा," ती म्हणाली.

"कळवतो," आकाराम म्हणाला.

एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. त्यानं कागद उघडला नाही, त्याची गरजही नव्हती. कऱ्हाड येईपर्यंत तो ओठांतल्या ओठांत तेच गाणं म्हणत राहिला. तिन्ही कडवी तो न चुकता म्हणायचा, चौथं धरायचा आणि त्या तीन शब्दांशी येऊन गप्प व्हायचा. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.